मालकाच्या जबाबदारीवर

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या फाटकात
छत्रपाल मेश्राम चिठ्ठी फाडून देतो.
कमरेला यंत्र, त्यातून जीभ काढून दाखवावी तसा कागद:
दुचाकी, दोन तास, दहा रुपये.
पुढे तासाला पाच. रात्रीचे तीस.
टोकन हरवल्यास पन्नास.
आणि अगदी खाली, बारीक अक्षरात,
वाहन मालकाच्या जबाबदारीवर.

तिसऱ्या मजल्यावर
तसल्याच एका ओळीखाली
मी नुकतीच सही करून आलो होतो.

आयसीयूत भेटायची वेळ अकरा ते अकरा दहा.
दहा मिनिटं, दहा रुपये.
मिनिटाला रुपया पडला रत्नमालेचा चेहरा,
त्यातही अर्धा नळ्यांखाली,
आणि सिस्टर म्हणते, काकाजी, हात नका लावू.

असला हिशेब करू नये, कळतं मला.
पण जन्मभर मीटरचं रीडिंग घेतलेला माणूस,
आकडा दिसला की डोकं आपसूक गुणाकार करतं.

चौथ्या दिवशी भांडलो.
दुखणाईताच्या घरच्यांकडून पैसे घेता, वगैरे.
मागच्या जीपमधला माणूस माझ्या बाजूनं उतरला,
एक बाई डबा हलवत बोलली,
फाटकात तीन मिनिटं सभा भरली.
छत्रपाल ऐकत राहिला. मग म्हणाला,
'मी काय करू जी?
चिठ्ठी नाई फाडली त माह्या पगारातून कटते.'

मी गप्प.
हे वाक्य माझं होतं.
बत्तीस वर्षं बाया मला दारात अडवून विचारायच्या,
एवढं बिल काहून आलं, बाप्पा?
जसा काही मीच रात्री चुलीवर वीज शिजवतो.

आणि एक कोणाला सांगितलं नाही.
इथं फुकट होतं तेव्हा
मी दर शनिवारी याच आवारात गाडी लावून
बर्डीवर जायचो.
चपला घ्यायला, चष्म्याची काडी बसवायला,
एकदा तर नुसता सांबारवडी खायला.
त्या दिवशी कोणीतरी
मागच्या सीटवर पेशंट धरून
जागा शोधत दोन चकरा मारल्या असतील, भर उन्हात.
मी कुठं पाहिलं.
मी सांबारवडी खात होतो.

म्हणून माझं ठरत नाही.
बर्डीवाल्याकडून घ्या, म्हणतो मी,
वर सही करून आलेल्याला सोडा.
पण फाटकात ओळखणार कसं?
मे महिन्यात कपाळावर
दोघांच्याही घामच असतो.

(छत्रपाल ओळखत असावा.
बाराव्या दिवसापासून माझ्या सीटवर
ओलं गोणपाट टाकलेलं असायचं.
त्याची चिठ्ठी निघाली नाही.)

सोळाव्या दिवशी रत्नमालेची नळी काढली.
घसा खरवडलेला, आवाज दुसऱ्याच कोण्या बाईचा.
मी वाकलो.
'गाडी कुठं लावता?'
खालीच.
'पैसे घेत असतील.'
छे, म्हटलं, फुकट आहे.
तिनं डोळे मिटले,
त्या दिवसातलं पहिलं औषध लागू पडल्यासारखे.

विम्याच्या फायलीत सगळं बसलं,
कापूस, हातमोजे, सुईचं टोपणसुद्धा.
चिठ्ठ्या तेवढ्या परत आल्या.
त्या डिकीतच राहिल्या, अख्खा नवतपा.

जूनमध्ये फडकं शोधताना तिच्या हाती लागल्या.
रबर लावलेला गठ्ठा, उन्हानं काळा पडलेला,
एक आकडा वाचता येईल तर शपथ.
'हे कशाचं जपून ठेवलं?'
जुनं रीडिंग आहे, म्हटलं, नोकरीतलं.

तिनं गठ्ठा तळहातावर तोलला,
मेथीची जुडी तोलते तसा.
'सातशेच्या खाली नसेल,' म्हणाली,
आणि डिकी लावली.